तेव्हा हसून लोळायचो, आता काय झालं?

प्रश्न : हॉस्टेलला असताना आम्ही सहा जणांनी एका खोलीत, एकाच लॅपटॉपवर 'जाने भी दो यारों' बघितलेला आणि महाभारताच्या सीनला एक जण खरंच कॉटवरून खाली पडला होता. परवा पंधरा वर्षांनी परत लावला, रात्री, घरातले सगळे झोपल्यावर. पहिला अर्धा तास नुसता बघत बसलो, हसूच येईना, आवाज मधेच धड कळत नाही, सगळे उगाच ओरडतायत असं वाटलं. आणि शेवटाला मात्र पोटात गोळा आला, तेव्हा तर शेवटाकडे लक्षच नव्हतं आमचं. पिक्चर जुना झाला की मी?

उत्तर : दोघंही झालात, पण आधी ते बाकीचे पाच जण कुठे गेले ते सांगा. रॉबर्ट प्रोव्हाइन म्हणून एक अमेरिकन मेंदूशास्त्रज्ञ होता, त्याने विद्यार्थ्यांना आपापल्या हसण्याची नोंद ठेवायला लावली, तर एकट्यापेक्षा चारचौघांत माणूस 30 पट जास्त हसतो असं निघालं. टीव्ही वगैरे धरला नव्हता त्यात, त्यामुळे पिक्चर बघताना फरक एवढा नसेलही, पण कॉटवरून पडणारा मित्र हा त्या सीनचा निम्मा भाग होता हे मान्य करा.

दुसरं म्हणजे खून झालेल्या कमिशनर डिमेलोचं प्रेत महाभारताच्या नाटकात साडी नेसून द्रौपदी होणार हे आता तुम्हाला आधीच माहितीये. मग तिथे काय होणार हे बघत बसू नका, कडेकडेची माणसं बघा. तो दुःशासन आहे ना, तो विधू विनोद चोप्रा. प्रॉडक्शनचं काम बघणारा माणूस, पैसे वाचवायला स्वतःच मेकअप करून उभा राहिला. हे कळल्यावर मी तो सीन परत लावला आणि प्रेताकडे बघितलंच नाही, फक्त दुःशासनाकडे, आणि पहिल्यापेक्षा जास्त हसलो. 1983चा पिक्चर, एनएफडीसी या सरकारी चित्रपट महामंडळाचा पैसा, बजेट 7 लाखांच्या आसपास, नसीरुद्दीनच्या हातातला कॅमेरासुद्धा त्याचा स्वतःचा. हिरोंची नावं विनोद आणि सुधीर, म्हणजे युनिटमधलेच चोप्रा आणि सुधीर मिश्रा. दिग्दर्शक कुंदन शाहचा पहिलाच पिक्चर. स्टुडिओ उघडून गिऱ्हाइकाची वाट बघणाऱ्या दोन कडक्या फोटोग्राफरांची गोष्ट तितक्याच कडक्या लोकांनी काढलीये, आणि ते लपत नाही, उलट तिथेच मजा आहे. मोठ्या बजेटच्या कॉमेडीत पडद्याच्या कोपऱ्यात बघायला काही सापडतच नाही मला, सगळं कसं पुसून चकाचक (माझं मत, भांडायला या).

ओरडण्याचं म्हणाल तर हो, सुरुवात रेंगाळते आणि काही ठिकाणी नुसता गोंधळ आहे, ते तेव्हाही तसंच होतं, फक्त तेव्हा तुमच्या खोलीत त्याहून जास्त गोंधळ होता म्हणून कळलं नाही.

राहिला शेवट. बिल्डर, नवा कमिशनर, संपादक सगळे आपसात मिटवून घेतात आणि ही दोन पोरं कैद्याचे कपडे घालून रस्त्यावरून चालतात, मागे 'हम होंगे कामयाब', आणि आपल्याकडे बघून गळ्यावरून हात फिरवतात. विशीत तो हात म्हणजे अजून एक जोक वाटतो. पस्तिशीत तुम्ही मिटिंगमध्ये बसलेले असता, समोर काय चाललंय ते दिसत असतं आणि तरी गप्प बसलेले असता, मग तो हात आपल्याकडे वळल्यासारखा वाटतो. गोळा येणारच.

परत बघायचा तर त्या पाचांतला एक तरी पकडा, फोनवरून एकाच वेळी प्ले दाबलं तरी चालेल. आणि आवाजासाठी रिस्टोर केलेली प्रिंट शोधा, 2012मध्ये ती थिएटरला परत लागली होती.

प्रश्न : माझी मुलगी तेरा वर्षांची आहे. तिला माझा आवडता जुना कॉमेडी पिक्चर दाखवू का? तिला नाही आवडला तर मला वाईट वाटेल.

उत्तर : दाखवा, पण शेजारी बसून "आता बघ हं, आता येतंय" करू नका. आमच्या घरी मी हे केलं, मुलगा पिक्चर सोडून माझ्या तोंडाकडे बघत बसला होता.