सोसायटी म्हणते 15 दिवसांत घर सोडा, मग सोडायचं का?

ताई, तुमचं पत्र आणि सोबतचे स्कॅन सगळं वाचलं. बाकीच्या वाचकांसाठी आधी थोडक्यात सांगतो. तुम्ही मराठवाड्यातल्या, मिस्टर आसामचे, ठाण्यात 11 महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सवर फ्लॅट घेतलाय आणि तीन महिने झालेत. बिल्डिंगमधे जवळपास सगळे एकाच समाजाचे. आधी मासे शिजवण्यावरून कुरबुर, मग मिस्टरांना गेटवर रोज आधार कार्ड मागणं, मग 'बाहेरचे भाडेकरू' म्हणून महिन्याला 2000 रुपये जास्तीची मागणी, आणि आता सेक्रेटरीचं पत्र की 15 दिवसांत जागा खाली करा.

ते पत्र घेऊन लगेच पॅकर्सना फोन करू नका. मी नीट बघितलं, त्यावर ठरावाचा नंबर नाही, तारीख खोडून परत पेनाने टाकलीय आणि खाली एकट्या सेक्रेटरींची सही. आणि समजा उद्या रीतसर ठराव करून आणला तरी काय, सोसायटी तुमची घरमालक नाहीये, तुमचा करार फ्लॅटच्या मालकाशी आहे, त्यामुळे तुम्हाला बाहेर काढायचा अधिकारच तिला नाही. मॉडेल बायलॉज म्हणजे सोसायट्यांसाठीची नमुना नियमावली, तिच्याप्रमाणे मेंबरला (म्हणजे फ्लॅटच्या मालकाला) फ्लॅट भाड्याने द्यायला सोसायटीची परवानगी लागत नाही, फक्त आधी कळवायचं आणि कागद द्यायचे, म्हणजे रजिस्टर्ड कराराची कॉपी आणि पोलीस व्हेरिफिकेशन. एनओसी एनओसी (ना हरकत पत्र) जे करतात ना ते सवयीने चाललंय.

ते 2000 अजिबात देऊ नका. नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस, म्हणजे मालक स्वतः न राहता फ्लॅट भाड्याने देतो त्याचा आकार, मेंबरकडून घ्यायचे असतात आणि तेही सर्व्हिस चार्जेसच्या 10 टक्क्यांच्या वर नाही, 1 ऑगस्ट 2001 पासून सरकारचा तसा आदेश आहे. भाडेकरू आसामचा की अंबाजोगाईचा यावर रेट बदलत नाही. जिना, लिफ्ट, पार्किंग, रात्रीचा आवाज यावर सोसायटी सगळ्यांना सारखे नियम लावू शकते, ते पाळा, पण तुमच्या कढईत काय आहे ते बघायला कमिटी नेमलेली नसते.

आता जे तुम्हाला आवडणार नाही ते. तुम्ही लिहिलंय की 'हा सरळ भेदभाव आहे, केस टाकू'. भेदभाव आहेच, पण संविधानातलं कलम 15(1) सरकारवर बंधन घालतं, 15(2) मधे दुकानं, हॉटेलं, विहिरी आहेत, खासगी घर भाड्याने देणं त्यात नाही. उलट 2005 मधे सुप्रीम कोर्टाने अहमदाबादच्या एका सोसायटीला मेंबरशिप फक्त पारशांपुरती ठेवू दिली (ती गोष्ट मेंबरशिपची, भाडेकरूंची नव्हे, पण समोरचा वकील ती काढणारच). कुणीतरी तुम्हाला 2016 चा सामाजिक बहिष्काराचा कायदा सुचवलाय, तो जातपंचायती आपल्याच समाजातल्या माणसाला वाळीत टाकतात त्यासाठी आहे, इथे बसवणं कठीण.

म्हणून माझं लक्ष सेक्रेटरीपेक्षा तुमच्या मालकांवर आहे. ते ढिले पडले की तुमची बाजू संपली. कराराच्या पान 4 वर लॉक-इन (ज्या काळात करार मोडता येत नाही) 6 महिन्यांचा आहे, दोघांनाही लागू, त्यानंतर कुणीही एक महिन्याची नोटीस देऊ शकतो, कारण सांगायचीही गरज नाही. म्हणजे अजून तीन महिने तुम्ही भक्कम आहात, पुढचं मालकांच्या मनावर. त्याआधीच त्यांनी बाहेर काढलं तर इझमेंट्स अ‍ॅक्ट 1882 च्या कलम 64 खाली नुकसानभरपाई मागता येते, हे त्यांना गोड शब्दात कळू द्या. भाडं मात्र एक दिवसही उशिरा नको, तेच निमित्त होतं.

तर मालकांना आज मेसेज नाही, ईमेल करा, सोसायटीचं पत्र जोडा आणि विचारा की तुम्ही आम्हाला जायला सांगताय का. उत्तर लेखी हवं. सोसायटीला लेखी उत्तर मालकांनीच द्यावं, तरी नाही ऐकलं तर सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे तक्रार किंवा सहकार न्यायालयात सहकारी संस्था कायद्याच्या कलम 91 खाली दावा, तेही मेंबर म्हणून त्यांनीच करणं सोपं. आणि गेटवर मिस्टरांना अडवलं, आत येऊ दिलं नाही, तर तो पोलिसांचा विषय, भारतीय न्याय संहितेचं कलम 126 त्यासाठीच आहे, धमकी असेल तर 351. वॉचमनशी हुज्जत घालू नका, बिचारा पगारी माणूस आहे, कुणाच्या सांगण्यावरून अडवलं ते विचारा, तारीख वेळ लिहून ठेवा, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरच्या कमेंट्सचे स्क्रीनशॉट ग्रुपमधून काढायच्या आत घ्या.

आणि एवढं सगळं करून तुम्हालाच तिथे राहावंसं वाटेना तर त्यातही काही कमीपणा नाही, फक्त मालकांकडून लॉक-इन माफ आणि डिपॉझिट पूर्ण परत असं लेखी घ्या आणि खात्यात पैसे आल्याशिवाय चावी देऊ नका.