ड्रमिंग ग्रुपला जरूर जा, पण सिस्प्लॅटिन (केमोचं औषध) झालं असेल तर आधी कान तपासून घ्या

तुमची पोस्ट वाचली आणि माझेच ते दिवस डोळ्यासमोर आले. कॅन्सरची ट्रीटमेंट संपली, रिपोर्ट चांगले, घरचे सुटकेचा निःश्वास टाकतायत आणि आपल्या मात्र कानात रात्रभर किर्रर्र चालू, बोटांना मुंग्या. त्यात कोणीतरी ग्रुप ड्रमिंग सुचवलंय, डॉक्टर म्हणाले "करा, काही हरकत नाही", आणि तुम्ही विचारताय जाऊ का.

जा. बोलून जे मोकळं होत नव्हतं ते माझं वाजवून झालं. पण तुम्ही सिस्प्लॅटिन घेतल्याचं लिहिलंय म्हणून एवढं टाईप करतेय.

ते "काही हरकत नाही" रक्ताचे रिपोर्ट आणि स्कॅन बघून म्हटलेलं असतं, कानाचा विचार त्यात बहुतेक वेळा नसतोच. सिस्प्लॅटिनने आतल्या कानातल्या केसपेशी मरतात, आधी उंच पट्टीचं ऐकू येणं कमी होतं आणि गेलेलं परत येत नाही. आणि बंद खोलीत सगळे मिळून जेंबे (हाताने वाजवायचे आफ्रिकन ड्रम) वाजवायला लागले की आवाज 100 डेसिबलच्या आसपास जाऊ शकतो. उरलेल्या कानाला जपायलाच हवं.

माझा सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो एका हॉस्पिटलच्या रिहॅब विभागाने, नाव घेत नाही. ग्रुपला फिटनेसचा कागद हवा होता. रिहॅबवाले म्हणाले ईएनटीकडून आणा, ईएनटीवाले म्हणाले हा केमोचा परिणाम आहे, ऑन्कोलॉजीला विचारा, तिथे उत्तर मिळालं की तुमची ट्रीटमेंट संपलीय, आता तुम्ही रिहॅबकडे! नुसती टोलवाटोलवी, महिनेच्या महिने गेले. शेवटी ऑडिओमेट्री (ऐकू येण्याची तपासणी) झाली तर शेरा काय, "नॉर्मल". कारण बोलण्याच्या पट्टीतली, म्हणजे 500 ते 2000 हर्ट्झची सरासरी काढली आणि फाईल बंद केली. 8000 ला आलेख खाली कोसळलेला कागदावर स्पष्ट दिसत होता, पण त्यावर कोणी अक्षर बोललं नाही. केमो सुरू होण्याआधीची ऑडिओमेट्री कोणी केलीच नव्हती, मग तुलना कशाशी करणार? अजून संताप येतो. ज्यांची केमो सुरू व्हायचीय त्यांनी कृपा करून ती आधीच मागून घ्या.

आता वाजवण्याचं. जेंबेचा स्लॅप, म्हणजे कडेजवळ बोटं सैल सोडून मारतात तो खणखणीत बोल, हाच कानात घुसतो. मधोमध तळव्याने काढलेला बास खूप सुसह्य असतो. मी लीडरला सांगून भिंतीपासून आणि कोपऱ्यापासून लांब बसते, आणि म्युझिशियनवाले इअरप्लग (सगळा आवाज सारखाच कमी करणारे) घालते. साध्या फोमच्या प्लगने सगळंच दबकं ऐकू येतं आणि मग आपण नकळत जोरात मारायला लागतो. मुंग्या असतील तर हे आणखी महत्त्वाचं, कारण बोट बधिर असलं की किती जोरात लागलं ते कळतच नाही. अंगठ्या काढा, मधूनमधून तळवे उलटे करून लाली बघा, आणि जमेल तर मऊ मॅलेटने (गुंडाळलेल्या टोकाच्या काठीने) फ्रेम ड्रम, म्हणजे डफासारखा ड्रम, वाजवा. काखेतल्या गाठी काढलेल्यांनी हळूहळू वाढवावं, हात जड किंवा घट्ट वाटला की थांबावं. प्लेटलेट कमी असतील तर विचारल्याशिवाय नाहीच. मी डॉक्टर नाही, हे सगळं स्वतःवरून सांगतेय.

आणि एक, "ड्रमिंगने इम्युनिटी वाढून कॅन्सर परत येत नाही" असं सांगणारा लीडर असेल तर सरळ उठून या. त्यासाठी दाखवतात तो 2001 चा अमेरिकन डॉक्टर बॅरी बिटमन यांचा अभ्यास निरोगी लोकांवरचा होता आणि त्यात रक्तातल्या काही रोगप्रतिकारक पेशींची सक्रियता मोजली होती, कॅन्सर नाही. कॅन्सर पेशंटमध्ये म्युझिक थेरपीने चिंता, वेदना, थकवा कमी व्हायला मदत होऊ शकते असं कॉक्रेनच्या (अनेक वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या संस्थेच्या) आढाव्यात आहे. माझ्या मते तेवढं पुरेसं आहे, त्याला कशाला शेपूट जोडायचं? शक्य असेल तर शिकलेला म्युझिक थेरपिस्ट शोधा. नुसता उत्साही ड्रमर छान वाजवेल, पण तुम्ही मधेच रडायला लागलात तर काय करायचं हे त्याला माहीत असेलच असं नाही.

ऑडिओमेट्री कराल तेव्हा 8000 च्या वरची, हाय फ्रिक्वेन्सीवाली पण मागा, आणि "नॉर्मल" शेऱ्यावर न थांबता आलेखाची कॉपी घेऊन या. 4000 आणि 8000 ला काय आकडे आले ते इथे लिहा, मी माझ्याशी ताडून बघते.