ओठाला काही लावू नका, आधी निपल बघा

ताई, तुम्ही लिहिलंय की बाळ पाच आठवड्यांचं आहे, अंगावरचं दूध पुरत नाही म्हणून डॉक्टरांनी पावडरचं दूध सांगितलंय, आणि बाटली सुरू झाल्यापासून वरच्या ओठाच्या मधोमध पांढरट फोड दिसतोय. सासूबाईंच्या मते तोंड आलंय, त्या टाकणखार (बोरॅक्स) आणि मध लावायचं म्हणतायत. तुम्ही तासगावला माहेरी आहात, म्हणजे आणखी चार जणींचे चार सल्ले कानावर येत असणारच.

मी मिरजेला बाळंतिणींच्या वॉर्डात सिस्टर होते, आता घरी असते. तुम्ही वर्णन केलाय तसा फोड चोखण्यामुळे येतो. बहुधा वरच्याच ओठाला, बरोबर मध्यावर, एकटाच. कातडी जरा जाड, पांढरी, कधी वाळून पापुद्रा सुटतो आणि खालून पुन्हा तसंच. बाळाला तो दुखत नाही, म्हणून पिताना ते कुरकुरत नाही. अंगावर पिणाऱ्या बाळांनाही येतो. पोटातच स्वतःची मूठ चोखणारी काही बाळं तर असा फोड घेऊनच जन्माला येतात. त्याला औषध लागत नाही. फोडू नका, पापुद्रा ओढू नका, आपसूक जातो.

आता टाकणखार-मधाचं. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध बोटभरही नको. मधात कधीकधी असे जिवाणू असतात की ते एवढ्या लहान आतड्यात वाढून विष तयार करतात. बाळ लुळं पडतं, चोखायची ताकद जाते. टाकणखाराने झटके येऊ शकतात. सासूबाईंशी वाद घालत बसू नका. डॉक्टरांनी ओठाला काहीही लावायचं नाही असं बजावलंय म्हणून सांगा. डॉक्टरचं नाव पुढे केलं की घर शांत राहतं. हळदही नको. सांगलीत राहून हळदीला नाही म्हणणं अवघड आहे, पण नको.

फोड वाढत असेल किंवा गेल्यावर परत परत येत असेल, तर मात्र बाळ बाटली ओढायला जास्त जोर लावतंय का ते बघायचं. भरलेली बाटली उलटी धरा. दूध थेंब थेंब पडायला हवं, साधारण सेकंदाला एक. हलवल्याशिवाय पडतच नसेल तर भोक तुंबलंय. घरी बोअरचं पाणी असेल तर उकळून उकळून निपलच्या भोकाशी पांढरे क्षार धरतात, उजेडात धरलं की दिसतात. कधी पावडरच घट्ट झालेली असते. बहुतेक डब्यांवर 30 मिली पाण्याला एक सपाट चमचा असं प्रमाण असतं. 'बाळ भरेल' म्हणून शीग लावलेला चमचा घालायचा नाही. निपल चिकट झालं असेल, फुगलं असेल तर टाकून द्या. आणि कृपा करून तापवलेल्या सुईने भोक मोठं करू नका. हा उद्योग घरोघरी चालतो आणि मग दुधाची धार लागून बाळाला ठसका लागतो.

आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही: बाटलीची रिंग फार घट्ट पिळू नका. आत हवा जायला वाट राहत नाही, मग निपल चपटं होऊन आत दबतं आणि बाळ रिकामंच ओढत राहतं. रिंग किंचित सैल केली की दुधात बुडबुडे वर जाताना दिसतात. ते दिसले की समजायचं ठीक चाललंय.

मग ओठ. पिताना दोन्ही ओठ बाहेर वळलेले हवेत. वरचा ओठ आत दुमडलेला असेल तर तिथेच घासतो आणि तिथेच फोड येतो. बोटाने अलगद बाहेर काढा, बस्स. निपलचं नुसतं टोक तोंडात नको, रुंद भागापर्यंत आत जाऊ द्या. आपल्याकडे पाय पसरून त्यावर बाळाला आडवं टाकून पाजतात. त्यापेक्षा डोकं वर, अर्धवट बसतं धरा आणि बाटली जवळजवळ आडवी ठेवा, निपलमध्ये दूध राहील इतपतच तिरकी. मधेच थांबवून श्वास घेऊ द्या. आणि बाटलीच धरून बसायला हवं असं नाही. वाटी-चमचा किंवा आजीच्या पेटीतलं चांदीचं बोंडलं (बाळाला दूध पाजायचं चोचीचं भांडं), दोन्ही चालतात. स्वच्छ करायलाही सोपं.

हे सगळं एकाच, मधोमध असलेल्या, कोरड्या फोडाबद्दल. बारीक पाण्याचे फोड झुपक्याने आले, भोवती लाल झालं, किंवा डोळ्यांजवळ, अंगावर पुरळ दिसलं, तर थांबू नका. मोठ्यांच्या ओठावर तापानंतर जे फोड उठतात तोच संसर्ग बाळाला, विशेषतः पहिल्या महिन्यात, जिवावर बेततो. म्हणून ओठावर फोड असलेल्या पाहुण्याला बाळाचा पापा घेऊ द्यायचा नाही, मग ती सख्खी मावशी का असेना. मधासारखी पिवळी खपली धरली तरी दाखवा. जिभेवर आणि गालाच्या आत पुसून न जाणारे पांढरे चट्टे असतील तर ती बुरशी, तिला डॉक्टरांचे थेंब लागतात. 100.4 फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप, पिणं सोडणं, सुस्ती, लंगोट कमी ओले होणं, यातलं काहीही असेल तर रात्री-अपरात्रीही निघा. सांगली, मिरज दोन्हीकडे सिव्हिल आहे, गाडी नसेल तर 108 लावा.

यातलं काही नसेल तर आठवडाभर निपल, रिंग आणि ओठ एवढंच सांभाळा. 42 व्या दिवशी आशाताईंची भेट असते आणि दीड महिन्याची लसही तेव्हाच, त्यामुळे फोडासाठी वेगळी फेरी मारायची गरज नाही. रोज एकाच उजेडात ओठाचा फोटो काढून ठेवा, लसीला जाल तेव्हा तो दाखवा. जाताना बाटली आणि निपलही पिशवीत टाका.