शिक्का बघायचा की खोली?

प्रश्न: सांगलीत विश्रामबागला नवीन फ्लॅट घेतलाय, त्यातली एक खोली सिनेमासाठी ठेवली आहे. 11 बाय 14 फूट, उंची साडेनऊ. 5.1 स्पीकर (पाच स्पीकर आणि बेससाठी एक सबवूफर) आधीच घेतलेत, बुकशेल्फ टाईप, त्यावर 88 डेसिबल, 8 ओहम असं लिहिलंय. आता रिसिव्हरवर, म्हणजे सिनेमाचा आवाज उलगडून स्पीकरना ताकद देणाऱ्या डब्यावर, गाडी अडलीय. दोन मॉडेल आवडलीत, फीचर जवळपास सारखेच, पण एकावर टीएचएक्स सर्टिफाइड असा शिक्का आहे आणि तो 30 हजारांनी महाग आहे. दुकानदार म्हणतो शिक्का नसेल तर थिएटरसारखा आवाज येणारच नाही. वडील पण म्हणतात एकदाच घ्यायचंय तर शिक्क्याचंच घे. काय करू?
– एक वाचक, सांगली

उत्तर: दुकानदाराचं सोडा, वडिलांचं म्हणणं मात्र अगदीच चूक नाही, त्यामुळे जरा सविस्तर सांगतो.

आधी एक घोळ मिटवू. रिसिव्हरच्या तोंडावर पाच-सात लोगो छापलेले असतात आणि आपण सगळ्यांना एकाच माळेत ओवतो. डॉल्बी आणि डीटीएस हे आवाजाचे फॉरमॅट, त्यांचा लोगो म्हणजे लायसन्स. हा डबा तो फॉरमॅट उलगडून वाजवू शकतो, एवढंच त्यातून कळतं. आरटीओचं लायसन्स खिशात आहे म्हणजे गाडी चालवायची परवानगी आहे, पण गडी भरलेली गाडी खंबाटकी घाटात कशी चढवतो ते लायसन्सवर लिहिलेलं नसतं. टीएचएक्स म्हणजे कुणीतरी शेजारी बसून त्याला घाट चढायला लावलाय आणि मग पास केलंय. फॉरमॅट नव्हे तो. त्यामुळे 'माझ्या सिनेमावर टीएचएक्स लिहिलेलं नाही, मग रिसिव्हरवर असून उपयोग काय' हा प्रश्नच येत नाही, कुठलाही सिनेमा त्यावर वाजतो.

ही भानगड 1983 साली जॉर्ज लुकासच्या लुकासफिल्ममध्ये सुरू झाली. सिनेमा मिक्स करताना जसा ऐकू येतो तसा गावोगावच्या थिएटरात येईना, कुठं बेस गायब, कुठं बोलणंच कळत नाही, म्हणून टॉमलिन्सन होल्मन या इंजिनिअरने थिएटरसाठी मापं ठरवली. सिनेमाच्या आधी तो घुमत घुमत वर चढणारा अंगावर काटा आणणारा आवाज यायचा ना, तो टीएचएक्सचाच. नव्वदच्या दशकात तीच कल्पना घरातल्या सामानावर आली. आता ती कंपनी लुकासकडे नाही, 2016 पासून गेमिंगचे माऊस-कीबोर्ड बनवणाऱ्या रेझरकडे आहे.

घरच्या रिसिव्हरसाठी यात तपासतात काय, तर ठरावीक मापाच्या खोलीत, ठरावीक अंतरावर बसलेल्या माणसाला रेफरन्स लेव्हलचा आवाज न फाटता, न कुरकुरता मिळतो का ते. रेफरन्स म्हणजे प्रत्येक चॅनेलला, म्हणजे प्रत्येक स्पीकरच्या आवाजाला, 105 डेसिबलपर्यंतचे दणके आणि बेसच्या चॅनेलला 115. खोलीच्या मापावरून वर्ग आहेत. सिलेक्ट म्हणजे साधारण 2000 घनफूट खोली आणि 10 ते 12 फुटांवर सोफा, अल्ट्रा म्हणजे 3000 घनफूट आणि 12 फुटांच्या पुढे. आता तुमची खोली बघा. 11 गुणिले 14 गुणिले साडेनऊ म्हणजे 1463 घनफूट. सिलेक्टच्या सुद्धा आत. म्हणजे तो महागडा रिसिव्हर अल्ट्रावाला असेल तर तुम्ही दोन माणसांच्या घराला लग्नातलं पातेलं घेताय.

पुढचं गणित कागदावर करून बघा, मजा येते. 88 डेसिबलचा स्पीकर म्हणजे 1 वॅट दिला की 1 मीटरवर 88 डेसिबल. तुमचा सोफा 10 फुटांवर, म्हणजे 3 मीटर धरू, तिथं येईपर्यंत साडेनऊ कमी होतात, राहिले साडे अठ्ठ्याहत्तर. भिंती थोडं परत देतात पण ते सोडून देऊ. 10 डेसिबल वाढवायला दहापट वॅट लागतात. घरात कुणी व्हॉल्यूम 0 वर, म्हणजे रेफरन्सवर, ठेवून सिनेमा बघत नाही, बघितला तर सोसायटीचा चेअरमन दारात येईल. लोक उणे 15, उणे 20 वर ऐकतात. उणे 15 वर सर्वात मोठा दणका 90 डेसिबलचा, त्याला लागतात 14 वॅट. चौदा! आणि साधं बोलणं चाललेलं असताना एक वॅट पण लागत नाही. बेसचं ओझं सबवूफर आपल्या स्वतःच्या अँपवर उचलतो. तुमच्या बजेटमधला कुठल्याही धड कंपनीचा रिसिव्हर एवढं हसत हसत देतो, शिक्का असो नसो.

मग वडील कुठं बरोबर आहेत? ते वॅटच्या थापांबाबत. पूर्वी टेपरेकॉर्डरवर 'पीएमपीओ 2000 वॅट' लिहायचे आठवतंय का, आणि आत सेल सहा. तोच धंदा आता जरा सभ्य कपड्यात चालतो. खोक्यावर मोठ्या अक्षरात 150 वॅट, आणि खाली बारीक अक्षरात 6 ओहम, 1 किलोहर्ट्झ, एकच चॅनेल चालू, 10 टक्के डिस्टॉर्शन. 10 टक्के म्हणजे आवाज फाटलेला असतो हो! खरा आकडा मॅन्युअलच्या शेवटच्या पानांवर सापडतो, तिथं 8 ओहम, 20 हर्ट्झ ते 20 किलोहर्ट्झ, दोन चॅनेल चालू, 0.08 टक्के किंवा तसंच काहीतरी असं लिहिलेलं बघायचं. तोच 150 वाला तिथं 80-90 वर येतो. टीएचएक्सच्या शिक्क्याचा खरा फायदा हा, की कंपनी सोडून तिसऱ्याच माणसाने मोजलंय. तुम्हाला बारीक अक्षरं वाचायचा कंटाळा असेल तर शिक्का कामाचा आहे. काही जण रिसिव्हरच्या मागच्या पट्टीवरचा वीज वापराचा आकडा बघून हिशेब काढतात, तसं करू नका, तो बहुतेक वेळा पूर्ण ताकदीवर मोजलेला नसतो.

पण उलटं खरं नाही. शिक्का नाही म्हणजे नापास असं समजू नका, बरेचदा परीक्षेलाच बसलेला नसतो. तपासणी आणि लायसन्सला पैसे मोजावे लागतात आणि ते शेवटी आपल्याच बिलात येतात. डेनॉन आणि मरांट्झच्या पूर्वीच्या काही मोठ्या मॉडेलवर टीएचएक्स असायचं, पुढं त्यांनी बहुतेक मॉडेलवर ते घेणं सोडलं, म्हणून काय ते रिसिव्हर एका रात्रीत भंगार झाले नाहीत.

आता मुख्य गोष्ट, ती मी माझी फजिती सांगूनच सांगतो. काही वर्षांपूर्वी मी पण शिक्क्यावर भाळून बजेट फाडून रिसिव्हर घेतला. बसवला, लावला, आणि बोलणं असं यायचं जसं कुणी हौदात तोंड घालून बोलतंय. महिनाभर मेनू उलटेपालटे केले. मिरजेत तंबोरे बनवणारे एक ओळखीचे आहेत, ते सहज घरी आले, आवाज ऐकला, रिसिव्हरकडे बघितलं पण नाही, खोलीच्या मधोमध उभे राहिले आणि एक टाळी वाजवली. टर्रर्र करून टाळी भिंतीभिंतीत नाचली. म्हणाले, "मशीन कशाला बदलतोयस, तुझी खोलीच वाजतीया की रं." जो माणूस दिवसभर घोडीवर तारेखाली सुताचा दोरा केसभर इकडंतिकडं सरकवून जवारी, म्हणजे तंबोऱ्याचा तो झणकार, काढतो त्याला हे कळणारच. नुसत्या भिंती, फरशी, समोर मोठी काच. जाड पडदा लावला, सोफ्यासमोर सतरंजी टाकली, मागच्या भिंतीला पुस्तकांचं कपाट नेलं. अर्धं दुखणं तिथंच गेलं. उरलेलं अर्धं नंतर सापडलं, डाव्या स्पीकरची लाल-काळी वायर मीच उलटी जोडली होती, त्यामुळे बेस एकमेकाला खात होता. टीएचएक्सवाल्यांनी माझी वायर थोडीच तपासली होती.

म्हणून माझं मत असं, की बिनशिक्क्याचा घ्या आणि ते 30 हजार तुमच्या खोलीत घाला. पाच-सात हजारात पडदा-सतरंजी, उरलेल्यात सबवूफर बदलून मोठा. तो कुठं ठेवायचा त्याची जुनी युक्ती म्हणजे सबवूफर सोफ्यावर तुमच्या जागी ठेवायचा, बेसचं गाणं लावायचं आणि आपण रांगत भिंतीकडेने फिरायचं, जिथं बेस गोळीबंद ऐकू येईल तिथं त्याची जागा. घरातले हसतील, हसू दे. मग रिसिव्हरच्या मेनूत सगळे स्पीकर 'स्मॉल' करा आणि क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचा बेस सबवूफरकडे जातो तो आकडा, 80 हर्ट्झ ठेवा. गंमत म्हणजे हा 80 चा आकडा टीएचएक्सचाच, आणि तो वापरायला कुणी पैसे मागत नाही.

रिसिव्हर निवडताना शिक्क्याच्या आधी खोली मोजून आवाज सुधारणारी सिस्टिम कुठली ते बघा. डेनॉन-मरांट्झमध्ये ऑडिसी, यामाहात वायपीएओ, आणि डिरॅक मिळत असेल तर फारच छान. सोबतचा माईक कानाच्या उंचीवर स्टँडला लावून, पंखा बंद करून मोजायचं, सोफ्यावर पडल्या पडल्या हातात धरून नाही. रात्री बारीक आवाजात बघायचं असेल तर टीएचएक्सवाल्यात लाउडनेस प्लस नावाची सोय असते, मागचे स्पीकर आणि बेस हरवू देत नाही, चांगली आहे, पण ऑडिसीचं डायनॅमिक ईक्यू बरंचसं तेच काम करतं.

एकाच बाबतीत मी मत बदलेन. पुढंमागं तुम्ही 4 ओहमचे, जास्त करंट ओढणारे अवघड स्पीकर घेणार असाल किंवा बंगला बांधून मोठा हॉल करणार असाल तर शिक्क्याचा घ्या, तिथं दमदार पॉवर सप्लाय लागतो. आणि दोन्हीपैकी कुठल्या कंपनीची सर्व्हिस सांगली-कोल्हापुरात मिळते ते बिल फाडायच्या आधी विचारा. 14 किलोचा डबा थर्माकोलात गुंडाळून पुण्याला न्यायला लागला की सगळे शिक्के सारखेच जड लागतात.

प्रश्न: मी साताऱ्याचा. ओळखीतून 2010 चा टीएचएक्स अल्ट्रावाला रिसिव्हर 18 हजारात मिळतोय, त्या काळी लाखाच्या वर होता म्हणे. टीव्ही 4के आहे. घेऊ का?

उत्तर: अँप म्हणून सोनं, रिसिव्हर म्हणून म्हातारा. शिक्का त्याच्या ताकदीचा आहे आणि ती ताकद अजून असेल, पण 2010 च्या डब्यातून 4के चं चित्र पुढं जाणार नाही, त्यासाठी लागणारं एचडीसीपी 2.2 (कॉपी रोखायचं कुलूप) त्याच्यानंतर आलं. घरगुती ॲटमॉस (डॉल्बीचा डोक्यावरूनही आवाज देणारा फॉरमॅट) 2014 चं, म्हणजे ते पण नाही. जुगाड असा, की स्ट्रीमिंगचा डबा सरळ टीव्हीला लावायचा आणि टीव्हीतून आवाज एआरसीने (एचडीएमआय वायरमधूनच आवाज परत पाठवायची सोय) किंवा ऑप्टिकल वायरने रिसिव्हरला द्यायचा. डॉल्बी डिजिटल 5.1 व्यवस्थित मिळतं. एवढ्यावर समाधान असेल तर घ्या, पण आधी तासभर सगळे चॅनेल आणि सगळे एचडीएमआय वाजवून बघा, वरच्या जाळीवर हात ठेवा, नाक जवळ नेऊन जळका वास येतो का बघा. 18 जास्त होतात, 12 ला मागा.

प्रश्न: एचडीएमआय वायर पण सर्टिफाइड घ्यायची का? दुकानात 300 पासून 6000 पर्यंत आहेत.

उत्तर: हो, इथं मात्र शिक्का बघाच, कारण इथं तो स्वस्तात मिळतो आणि मोबाईलवर तपासता येतो. 4के 60 (सेकंदाला 60 चित्रं) साठी प्रीमियम हाय स्पीड, 18 गिगाबिटवाली. गेमिंगसाठी 4के 120 हवं असेल तर अल्ट्रा हाय स्पीड, 48 गिगाबिटवाली. खोक्यावर स्कॅन करायचं लेबल असतं, ते दुकानातच एचडीएमआयच्या ॲपने स्कॅन करा, खोटं असेल तर तिथंच कळेल. सोन्याचा मुलामा, सापाच्या कातड्यासारखी वेणी वगैरेचे पैसे देऊ नका. आणि भिंतीतून नेणार असाल तर प्लास्टर करायच्या आधी वायर लावून सिनेमा अर्धा तास बघा, मग गवंड्याला बोलवा.