ग्वाल्हेरच्या कडाक्याच्या थंडीत परसातल्या कोंबड्यांसाठी खुराड्यात बल्ब लावावा की हीटर?

दोन्ही नको. अंगभर पिसं असलेल्या मोठ्या कोंबडीला ग्वाल्हेरात यातलं काहीच लागत नाही. तुम्ही लिहिलंय की सहा कोंबड्या आहेत, खुराडं चारी बाजूंनी पन्नीने, म्हणजे प्लॅस्टिकच्या कागदाने, बांधून घेतलंय, अंडी बंद झालीत, आणि आता फक्त बल्ब की हीटर एवढंच ठरायचं आहे. मला त्या पन्नीबद्दल बोलायचंय. आज अंधार पडायच्या आत ती वरच्या बाजूने तरी फाडा आणि तिथे जाळी मारा.

माझं माहेर कराडजवळचं. लहानपणापासून डालगं, खुराडं, खुडूक बसलेली कोंबडी हे सगळं अंगणातच. लग्न होऊन ग्वाल्हेरच्या लष्कर भागात आले तेव्हा वाड्यामागचं परस रिकामं पडलं होतं. मामंजींना विचारून नऊ कोंबड्या आणल्या, त्यांतल्या तीन झाबुआकडून आणलेल्या कडकनाथ. थोरल्या भाऊजींना ते पहिल्यापासून पसंत नव्हतं. "हे सातारा नव्हे, इथल्या थंडीत कोंबड्या टिकत नाहीत," असं ते येताजाता म्हणायचे. पहिले दोन हिवाळे एकही दगावली नाही. आईने शिकवलं होतं तेवढंच मी करत होते: खाली कोरडं, वर हवा.

तिसऱ्या हिवाळ्यात आईचं ऑपरेशन निघालं आणि मी संक्रांतीच्या आधी कराडला गेले. इकडे शीतलहर आली. अकरा वाजेपर्यंत धुकं, शाळांना सुट्ट्या. भाऊजींना कोंबड्यांची दया आली. त्यांचा हेतू चांगला होता, हे मी तेव्हाही म्हटलं आणि आजही म्हणते. त्यांनी छपराखालच्या झरोक्यात गोणपाट कोंबलं, चारी बाजूंनी पन्नी ताणून सुतळीने आवळली आणि घमेल्यात कोळसे पेटवून आत ठेवले. सकाळी दार उघडलं तर आठ कोंबड्या मेलेल्या. नववी, एक कडकनाथ, संध्याकाळी कोणाच्या हाती लागली नव्हती. ती रात्रभर पेरूच्या झाडावर बसली होती. उघड्यावर, धुक्यात, पारा चार अंशांवर असताना. सकाळी खाली उतरून ती दाणे टिपत होती.

मला फोनवर सांगितलं गेलं, "थंडीने मेल्या." आमच्याकडे आजही लग्नकार्यात विषय निघाला की हेच सांगितलं जातं, आणि पुढे, "हिला आधीच सांगितलं होतं."

आमच्या ह्यांनी त्याच दिवशी एक मेलेली कोंबडी जनावरांच्या डॉक्टरांकडे नेली होती. डॉक्टरांनी ती फाडून दाखवली. रक्त आणि फुफ्फुसं लालभडक होती, चेरीसारखी. कोळशाच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडची ती खूण. या वायूला वास नाही, रंग नाही. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला असा चिकटतो की प्राणवायूला जागाच उरत नाही. बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेली माणसंही अशीच जातात, आणि पक्ष्यांना तर हा वायू माणसापेक्षा लवकर बाधतो. हे सगळं मी भाऊजींना सांगितलं. पेरूवरची ती एकटी कशी जगली, तेही विचारलं. त्याचं उत्तर अजून मिळालेलं नाही.

कोंबडीच्या अंगातच साधारण ४१ अंश उष्णता असते. पिसं फुगवली की मधे हवा कोंडली जाते, तीच तिची दुलई. ही दुलई ओली झाली की संपलं. सहा कोंबड्या रात्रभर श्वास सोडतात, शिटतात, आणि ती सगळी वाफ पन्नीच्या आत अडकते. पहाटे पन्नीला आतून हात लावून पाहा, पाणी निथळत असेल. त्यात विष्ठेतून अमोनिया सुटतो. खाली वाकून कोंबडीच्या उंचीवर तोंड न्या. तुमचे डोळे चुरचुरले तर तिच्या फुफ्फुसांचं काय होत असेल ते बघा. हिवाळ्यातली घरघर आणि सर्दी यातूनच सुरू होते, आणि लोक म्हणतात गारठा बाधला.

म्हणून झरोका हवाच, पण वर, दांडीवर बसलेल्या कोंबडीच्या डोक्याच्याही वर. वाफ तिथून जाते आणि झोत अंगावर येत नाही. इथला हिवाळी वारा उत्तर-पश्चिमेचा, ती बाजू खालपासून बंद करा, दक्षिणेची वरून उघडी ठेवा. जमिनीवर भाताचं तूस किंवा रंध्याचा भुसा निदान चार-पाच इंच, ओला दिसेल तेवढा रोज काढायचा. दांडी लोखंडी पाइपची असेल तर आजच बदला. चार बोटं रुंद फळी सपाट बाजू वर करून लावा, म्हणजे कोंबडी बसल्यावर पायाची बोटं पोटाच्या पिसांखाली झाकली जातात. संध्याकाळी डालायच्या आधी मूठ-मूठ मका किंवा बाजरी. भिंड-मुरैनाची बाजरी इथे सहज मिळते. भरल्या पोटाने रात्रभर पचन चालू राहतं आणि ऊब आतून मिळते. सकाळी पाणी कोमट द्या, गार पाणी त्या कमी पितात.

तुऱ्याला व्हॅसलीन लावा असं कोणीतरी सांगेलच. तुरा गोठतो तो पारा शून्याखाली गेल्यावर, ते हिमाचल-काश्मीरचं दुखणं.

अंडी थंडीने थांबलेली नाहीत. दिवस साडेदहा तासांचा झाला आहे आणि नियमित अंडी द्यायला कोंबडीला चौदा तासांच्या आसपास उजेड लागतो. फेब्रुवारीत आपोआप सुरू होतील. उजेडासाठी पहाटे छोटा एलईडी लावलात तरी चालेल, मी लावत नाही. त्यांनाही विसावा लागतो.

आता अपवाद. मी वर जे म्हटलं ते पिल्लांना लागू नाही. पहिल्या आठवड्यात पिल्लाला ३५ अंशांच्या आसपास ऊब लागते, पुढे दर आठवड्याला तीन-एक अंश कमी, पिसं भरेपर्यंत. तिथे बल्ब हवाच, साखळीने टांगलेला, भुशापासून लांब, नाहीतर आग लागते. पिल्लं बल्बखाली एकमेकांवर चढत असतील तर त्यांना थंडी वाजते आहे, लांब पळत असतील तर उकडतंय. आजारी किंवा पिसं झडलेली कोंबडीही वेगळी काढून घरात, कोरड्या टोपलीत ठेवा. भर उन्हातही एखादी पिसं फुगवून डोळे मिटून उभी असेल तर ती आजारी समजा. आणि झरोक्याला बारीक भोकांची, जाड तारेची जाळी मारल्याशिवाय तो उघडू नका, मुंगूस रात्रीत सगळ्या संपवेल.

पेरूवरची ती कडकनाथ पुढे चार वर्षं जगली. कडकनाथ सहसा अंड्यांवर बसत नाही, म्हणून नवा कोंबडा आणल्यावर तिची अंडी मी एका गावठी खुडूक कोंबडीखाली ठेवली. आज परसात अकरा आहेत, त्या तिच्याच वंशाच्या. रात्री झरोका उघडा असतो, आणि भाऊजी आले की आधी तिकडेच बघतात.