टेबलटॉप रोलप्लेइंग गेमचा डिझायनर आणि गेम मास्टर व्हायचं असेल तर सुरुवात कुठून करावी? यातून पैसे मिळतात का?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहात, स्वतःचं एक जग रचलंय, नकाशे, राजघराणी, देवदेवता धरून साठेक पानं झालीत आणि आता 'डीएनडी'सारखा (म्हणजे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स', या प्रकारातला पहिला गेम) आपला गेम काढायचाय. खेळ मात्र अजून एकदाही चालवलेला नाही.

मग ती साठ पानं सध्या कपाटात ठेवा. जग रचायला मजा येते, मीही करतो, पण त्यातून ना गेम चालवता येतो ना लिहिता येतो. आणि ही दोन कामंसुद्धा लोकांना वाटतात तितकी जवळची नाहीत. गेम मास्टर टेबलाशी हजर असतो. नियमात कुठे भोक निघालं तर तो ते तिथल्या तिथे बोलून बुजवतो, कुणाला पत्ताही लागत नाही. डिझायनर घरी झोपलेला असतो आणि टेबलावर त्याचा फक्त कागद असतो. तुम्हाला दोन्ही व्हायचंय ना, मग क्रम आधी पहिलं, नंतर दुसरं.

ज्यांना हा प्रकारच माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी: चार-पाच जण बसतात, प्रत्येकाचं एक पात्र असतं, गेम मास्टर उरलेलं सगळं जग सांभाळतो, आणि पुढे काय होईल याची खात्री नसली की फासे टाकतात. बाकी सगळं बोलण्यातून.

या खेळाचा जन्मही असाच दोन हातांनी झालाय. अमेरिकेत मिनेसोटात डेव्हिड वेस्लीने १९६९ मध्ये नेपोलियनच्या काळातला एक युद्धखेळ (टेबलावर सैन्यं मांडून लढाई खेळतात तो) मांडला. ब्राउनस्टाइन नावाचं काल्पनिक जर्मन गाव, आणि काही खेळाडूंना पलटणी देण्याऐवजी गावातला महापौर, बँकर, कुलगुरू अशा भूमिका दिल्या. खेळाडू एकमेकांना कोपऱ्यात घेऊन कारस्थानं करत सुटले. वेस्लीला वाटलं, खेळ फसला. खेळाडू म्हणाले, पुन्हा कधी? त्यांच्यातलाच एक डेव्ह आर्नेसन. त्याने पुढे ब्लॅकमूर नावाचं आपलं जग चालवायला घेतलं. ते चालायचं मुख्यतः त्याच्या डोक्यातून आणि काही टिपणांवरून. विस्कॉन्सिनमधल्या गॅरी गायगॅक्सने त्या टिपणांवरून छापता येतील असे नियम लिहिले, आणि १९७४ मध्ये 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' तीन पातळ पुस्तिकांच्या खोक्यात निघाला. पहिली आवृत्ती १००० प्रतींची. ते नियम नुसते वाचून खेळ समजणं कठीणच होतं. पण घेणारे मुरलेले युद्धखेळवाले, त्यांनी गाळलेल्या जागा आपापल्या परीने भरून घेतल्या. तुमचा वाचक भरून घेईल या भरवशावर राहू नका. तो दुसरा गेम उघडेल.

आता चालवण्याबद्दल. तयार गेम घ्या, चार माणसं गोळा करा, तीन तासांत संपेल असा वन-शॉट, म्हणजे एका बैठकीचा खेळ, करा. अनेक बैठका चालणाऱ्या लांबलचक कॅम्पेनच्या नादी इतक्यात लागू नका. नोकरी करणाऱ्या चार माणसांना सलग सहा रविवार एका खोलीत बसवणं हे कुठल्याही ड्रॅगनपेक्षा अवघड आहे. आणि खेळ मराठीत चालवा. पुस्तकात चौकटीत दिलेलं इंग्रजी वर्णन मोठ्याने वाचून दाखवलं की लोक हळूच मोबाईल काढतात.

तयारीत कथा लिहू नका. कथा लिहिली की खेळाडूंना तिच्याकडे ढकलत न्यावं लागतं, आणि ते त्यांना लगेच कळतं. त्याऐवजी समोर येणाऱ्या प्रत्येक माणसाला काय हवंय आणि तो कशाला घाबरतो, एवढं लिहा. माझ्याकडे एकदा खेळाडूंची पात्रं रात्री घाटातल्या वनखात्याच्या चौकीवर पोचली. गेट बंद, आत एक वयस्कर गार्ड. माझ्या वहीत तीनच गोष्टी होत्या: त्याला सकाळपर्यंत झोपायचंय, साहेबाला तो टरकतो, आणि संध्याकाळी पैसे घेऊन त्याने एक ट्रक सोडलाय. कुणी दमदाटी करेल, कुणी गेटवरून उडी मारेल, असा माझा अंदाज. डॉक्टरचं पात्र घेतलेली मुलगी म्हणाली, "मी त्याला तंबाखू देते." मी विचारलं, "डॉक्टरकडे तंबाखू कशी?" ती जरा थांबली. म्हणाली, "सोडून तीन वर्षं झाली. पण पुडी खिशात असते." बास. एकही फासा पडला नाही, पात्र एका वाक्यात उभं राहिलं, आणि ट्रकची गोष्ट गार्डने मळता मळता आपणहून सांगून टाकली. चालवणाऱ्याने तिथे काय केलं? एक प्रश्न विचारला आणि गप्प बसला. हे जमायला लागलं की निम्मं काम आलं.

दोन सवयी पहिल्यापासून लावून घ्या. जी गोष्ट खेळाडूंना कळलीच पाहिजे, तिच्यापर्यंत पोचायच्या किमान तीन वाटा ठेवा. एक त्यांना दिसणार नाही, दुसरीचा ते भलताच अर्थ लावतील. आणि फासे टाकायला सांगण्याआधी 'जमलं नाही तर काय होईल' याचं उत्तर स्वतःकडे असू द्या. उत्तर 'काहीच नाही' असेल तर फासे खाली ठेवा. शिवाय खेळाआधी अर्धा तास नुसतं बोलून घ्या, याला सेशन झिरो म्हणतात. कुठले विषय टेबलावर नकोत हे तेव्हाच विचारा. आपल्याकडे जात आणि बायकांवरचे अत्याचार हे दोन विषय 'वास्तववादा'च्या नावाखाली सहज घुसतात, आणि ज्याला बोचतं तो पुढच्या वेळी कारण न सांगता येत नाही.

लिहिण्याचं म्हणाल तर एका पानापासून सुरू करा. आमच्या गटातल्या एकाने एकपानी गेम लिहिला: शेवटची एसटी घाटात बंद पडलीय, आत मोजके प्रवासी, बाहेर काहीतरी आहे. तो स्वतः चालवायचा तेव्हा खेळ रंगायचा. मग त्याने तो कागद नाशिकच्या एका गटाला पाठवला आणि व्हिडिओ कॉलवर माइक बंद करून बघत बसला. नियम होता: 'अवघड काम असेल तेव्हा दोन फासे टाका.' त्यांनी पहिले फासे टाकले ते खिडकी उघडायला. (एसटीची खिडकी, त्यामुळे त्यांचं अगदीच चुकलं असंही म्हणता येत नाही.) पुढची दहा मिनिटं खिडकीच चालली होती. बदललेला नियम असा: 'चुकल्यास कुणाला इजा होणार असेल, कुणी दुखावणार असेल किंवा बाहेरचं ते जवळ येणार असेल, तरच फासे टाका. एरवी काम झालं असं समजा.' अवघड म्हणजे काय हे त्याला पक्कं माहीत होतं, म्हणून तर ते कागदावर आलं नव्हतं. असं अनोळखी टेबलावरचं, तुम्ही तोंडही न उघडता केलेलं प्लेटेस्ट, म्हणजे खेळून घेतलेली चाचणी, हीच डिझायनरची खरी शाळा. मित्रांसमोर स्वतः चालवून पाहिलेलं यात धरत नाहीत.

थोडं गणित येऊ द्या, इंजिनिअरिंगवाल्यांना जड नाही. २०१० च्या 'अपोकॅलिप्स वर्ल्ड' या गेमपासून बऱ्याच गेममध्ये लुडोच्या डब्यातले साधे दोन फासे चालतात, त्यांची बेरीज बघायची: १० किंवा जास्त आले तर काम फत्ते, ७ ते ९ मध्ये काम होतं पण काहीतरी मोजावं लागतं, ६ पर्यंत आले तर गोत्यात. ३६ शक्यतांपैकी हे अनुक्रमे ६, १५ आणि १५. पात्राला बेरजेत अधिक १ दिलात की १०, १६, १०. अधिक ३ दिलात तर २१, १२ आणि ३, म्हणजे ते पात्र जवळपास हरतच नाही आणि खेळ सपक होतो. वीस बाजूंच्या फाशात प्रत्येक अधिक १ चे सरळ ५ टक्के. तुमच्या गेममध्ये 'काम झालं, पण' किती वेळा व्हायला हवं ते आधी ठरवा, फासे त्यावरून निवडा. सगळे उलटं करतात, कारण वीस बाजूंचा फासा दिसायला भारी असतो.

पैसे: मिळतात, पोट भरेल इतके क्वचितच. मी नोकरी करतो. गेमची पीडीएफ इच डॉट आयओ या साइटवर विकायला टाकता येते. तिथे साइटला किती द्यायचं ते तुम्हीच ठरवता, मुळात १० टक्के लावलेले असतात. डीएमएस गिल्ड या दुसऱ्या साइटवर डीएनडीची अधिकृत जगं वापरता येतात, पण हातात विक्रीच्या निम्मेच येतात. स्टार्टप्लेइंगसारख्या ठिकाणी गेम मास्टर माणशी पैसे घेऊन ऑनलाइन खेळ चालवतात. इंग्रजी सफाईदार असेल आणि रात्री जागायची तयारी असेल तर हा मार्ग बरा. मोठ्या प्रकाशकांकडे वाट वेगळीच असते. कोलकात्याच्या मिमी मंडल यांनी डीएनडीच्या २०२२ च्या एका संग्रहात बंगालच्या भूमीवर बेतलेलं साहस (टेबलावर चालवायला तयार कथानक) लिहिलं. त्या आल्या विज्ञानकथा-अद्भुतकथांच्या लेखन-संपादनातून. तेव्हा पात्रांचे आकडे सोडून बाकीचं लिहिणंही सुधारत राहा.

राहिली ती साठ पानं. त्यातलं एक गाव आणि त्या गावातली एक वाईट रात्र काढा, नियम वरच्यासारखे दोन फाशांचे ठेवा, आणि एका पानात बसवा. डीएनडीचेच नियम वापरायचे असतील तर त्यांचा 'एसआरडी ५.१', म्हणजे मूळ नियमांचा मजकूर, जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्याखाली आहे. श्रेय दिलंत की तो मजकूर विकायच्या गेममध्येही चालतो. श्रेयाची ओळ कशी लिहायची ते त्याच फाइलच्या सुरुवातीला दिलंय, ती जशीच्या तशी उतरवा.