कपड्यांवरून हात लावला तर पोक्सो लागत नाही का?

प्रश्न : मी नागपुरातल्या एका खासगी मान्यताप्राप्त शाळेत प्रोबेशनवर शिक्षिका आहे. माझ्या वर्गातल्या, पाचवीतल्या दहा वर्षांच्या मुलीनं मला चिठ्ठी लिहून दिली. कराटे शिकवायला बाहेरून येणारे सर स्ट्रेचिंग करून घेताना तिला नको तिथे दाबतात, असं त्यात आहे. मी चिठ्ठी मुख्याध्यापिकांना दाखवली. त्या म्हणाल्या, "कराटेत हात लागतोच. तेही कपड्यांवरून. पोक्सो बसत नाही, आपल्या हायकोर्टानंच सांगितलंय. आधी सखी सावित्री समिती चौकशी करेल." आईवडिलांना बोलावलं तर तेही म्हणाले, "मॅडम, तक्रार नको, पोरीचं नाव होईल." आता दोन आठवडे होत आले. सरांचा वर्ग सुरूच आहे. चिठ्ठी मुख्याध्यापिका मागत आहेत. मी काय करू?

उत्तर : ताई, आधी त्या हायकोर्टाच्या निकालाचं पाहू, कारण तुम्हाला गप्प बसवलं गेलं ते त्याच्याच आधारावर. असा निकाल झाला होता हे खरं आहे. 19 जानेवारी 2021 रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं, तेही नागपुरातल्याच एका मुलीच्या प्रकरणात, म्हटलं होतं की त्वचेला त्वचेचा स्पर्श नसेल तर तो पोक्सोखालचा, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याखालचा, लैंगिक हल्ला होत नाही. त्यावर देशभर गदारोळ झाला. आठवडाभरातच सर्वोच्च न्यायालयानं निकालाला स्थगिती दिली आणि 18 नोव्हेंबर 2021 रोजी तो रद्दच केला. हेतू लैंगिक होता का, हे पाहायचं. मध्ये कापड होतं की नव्हतं, हे नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं. गंमत अशी की पहिला निकाल गावातल्या प्रत्येकाला पाठ आहे आणि दुसरा कोणाच्या कानावरच गेलेला नाही. मला हेच वाक्य याआधीही शाळांमधून ऐकायला मिळालं आहे.

कराटेत हात लागतो, हेही खरं. पण हा स्पर्श शिकवण्याचा होता की दुसऱ्या कशाचा, हे ठरवणं तुमचं, माझं किंवा मुख्याध्यापिकांचं काम नाही. ते आधी पोलिसांनी तपासायचं आणि मग न्यायालयानं ठरवायचं. पोक्सोच्या कलम 19 नुसार असा गुन्हा घडल्याची माहिती ज्याला आहे त्यानं, मग तो कोणीही असो, पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवलंच पाहिजे. पुरावे गोळा करून, खात्री करून मग कळवा, असं त्यात कुठेही नाही. न कळवल्यास कलम 21 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. संस्थेच्या प्रमुखानं हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडपला, तर वर्षापर्यंत कैद आणि दंड. म्हणजे चिठ्ठी वाचली त्या दिवसापासून तुम्ही दोघीही कायद्याच्या कक्षेत आलात. तुमचा धोका कळवण्यात नाही, न कळवण्यात आहे.

हे मी नुसतं भीती घालायला सांगत नाही. आपल्याच विदर्भातलं, चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याचं प्रकरण घ्या. तिथल्या एका शाळेच्या वसतिगृहातल्या आदिवासी मुलींवर अत्याचार झाले, आणि मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी माहिती असूनही पोलिसांना कळवलं नाही, असा आरोप होता. नागपूर खंडपीठानं डॉक्टरांवरचा गुन्हा रद्द केला होता. सर्वोच्च न्यायालयानं 2 नोव्हेंबर 2022 रोजी तो आदेश फिरवला. माहिती असून न कळवणं हा गंभीर गुन्हा आहे आणि बरेचदा तो गुन्हेगाराला वाचवण्याचाच प्रयत्न असतो, असं त्या निकालात म्हटलं आहे.

सखी सावित्री समिती चांगली गोष्ट आहे. मुलांना माहिती देणं, शाळेतलं वातावरण सुरक्षित ठेवणं ही तिची कामं आहेत. पण समितीचा अहवाल आल्याशिवाय पोलिसांत जायचं नाही, असा नियम नाही. उलट बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाल्याच्या घटनेनंतर 21 ऑगस्ट 2024 रोजी निघालेल्या शासन निर्णयानं, असा प्रकार लक्षात आल्यावर 24 तासांत शिक्षणाधिकाऱ्यांना कळवण्याचं बंधन शाळेवर टाकलं आहे. ती मुदत तुमच्या शाळेनं केव्हाच ओलांडली. आणि "ते सर बाहेरचे, आमचे कर्मचारी नाहीत" असं पुढे कोणी म्हणालं तर तेही चालणार नाही. पोक्सोच्या 2020 च्या नियमांप्रमाणे मुलांच्या नियमित संपर्कात येणाऱ्या कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी शाळेनं करायची असते, त्यात कंत्राटीही आले. मूल बारा वर्षांखालचं आणि करणारा विश्वासाच्या जागेवरचा, असं असेल तर कायदा तो स्पर्श गंभीर स्वरूपाचा लैंगिक हल्ला मानतो. त्याला पाच ते सात वर्षांची शिक्षा आहे.

आता आईवडिलांचं. त्यांचा राग करू नका. मोहल्ल्यात, नातेवाइकांत काय होईल ही भीती खोटी नाही. पण त्यांचा नकार तुम्हाला तुमच्या कर्तव्यातून सोडवत नाही. ते आणि ते सर उद्या आपसात मिटवून आले तरीही नाही. राजस्थानात शिक्षकानं विद्यार्थिनीशी केलेल्या अशाच वर्तनाचा गुन्हा तडजोड झाली म्हणून उच्च न्यायालयानं रद्द केला होता. सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर 2024 मध्ये तो आदेश बाजूला सारला. हा दोन कुटुंबांमधला खासगी वाद नाही, असं न्यायालयाचं म्हणणं.

त्यांच्याकडे पुन्हा एकदा जा, पण परवानगी मागायला नको, काय होणार आहे ते सांगायला. मुलीला ठाण्यात बसवून ठेवणार नाहीत. तिचा जबाब घरी किंवा ती म्हणेल तिथे, शक्यतो महिला अधिकारी, तेही गणवेशात न येता घेतील, आणि आई किंवा तिच्या विश्वासाचं माणूस जवळ असेल. मुलींची वैद्यकीय तपासणी महिला डॉक्टरच करतात. पोलिसांनी 24 तासांत बालकल्याण समितीला कळवायचं असतं. समिती कुटुंबाच्या संमतीनं एक सहायक व्यक्ती देऊ शकते, जी खटला संपेपर्यंत सोबत असते. कोर्टात आरोपी तिच्या नजरेसमोर येणार नाही अशी व्यवस्था करतात. सुनावणी बंद दालनात होते. आरोपीचा वकील तिला थेट प्रश्न विचारू शकत नाही, न्यायाधीशांमार्फतच विचारावे लागतात. आणि ज्या गोष्टीला ते सगळ्यात जास्त घाबरतात, त्या नावाबद्दल : मुलीची ओळख उघड करणं हाच मुळी गुन्हा आहे. मोफत वकील हवा असेल तर सिव्हिल लाइन्समधल्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो.

एक मात्र कटाक्षानं पाळा. मुलीला पुन्हा पुन्हा काही विचारू नका. "नक्की कुठे? किती वेळा? बाकीच्या मुली होत्या का?" असं खोदत बसलं की मुलं गोंधळतात, आणि पुढे आरोपीचा वकील म्हणतो, हे सगळं मॅडमनी शिकवलं. तिनं आपणहून सांगितलं तेवढं, तिच्याच शब्दांत, तारीख घालून स्वतःजवळ लिहून ठेवा. पुढे न्यायालयात तुम्ही साक्षीदार असाल, तेव्हा ते कामी येईल.

चिठ्ठी मुख्याध्यापिकांना देऊ नका. मूळ कागद पाकिटात घालून थेट पोलिसांना द्या आणि तो घेतल्याची नोंद होते आहे ना, ते पाहा. फोटो काढलात तर फोनमध्येच असू द्या. शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर चुकूनही टाकू नका.

दोन आठवडे गेले, त्यानं केस बुडत नाही. पण अर्जावर मागची तारीख टाकण्याचा मोह आवरा. चिठ्ठी कधी मिळाली, कोणाला दाखवली, कोण काय म्हणालं, हे जसंच्या तसं लिहा. उशीर का झाला ते त्यातूनच दिसेल. उद्याच शाळेच्या हद्दीतल्या पोलीस ठाण्यात जा. एकटीला जड जात असेल तर नागपूर पोलिसांच्या भरोसा सेलची (महिला आणि मुलांना मदत करणारा कक्ष) किंवा 1098 या चाइल्डलाइनची मदत घ्या. नोंद झाल्यावर ती वाचून दाखवायला सांगा आणि एफआयआरची प्रत मागा, ती मोफत मिळते. नोंद घ्यायला टाळाटाळ झालीच तर अर्ज स्पीड पोस्टानं पोलीस आयुक्तांकडे पाठवा. तक्रार न नोंदवणाऱ्यालाही कलम 21 लागतं, हे ठाण्यातल्या माणसांना ठाऊक असतं.

राहिली नोकरी. सद्भावनेनं दिलेल्या माहितीबद्दल तुमच्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होऊ शकत नाही, कलम 19 मध्येच तसं म्हटलं आहे. तक्रार सिद्ध झाली नाही म्हणून ती खोटी ठरत नाही. शिक्षा आहे ती कोणाला बदनाम करायला किंवा पैसे उकळायला मुद्दाम खोटं बोलणाऱ्याला. प्रोबेशनवरच्या शिक्षकाला काढणं संस्थेला सोपं असतं, हे मी लपवत नाही. पण "काम समाधानकारक नाही" म्हणून काढलं आणि खरं कारण ही तक्रार असेल, तर 1977 च्या खासगी शाळा कर्मचारी अधिनियमाखाली शाळा न्यायाधिकरणात अपील करता येतं. त्याला मुदत फक्त 30 दिवसांची आहे. म्हणून आजपर्यंतचे चांगले शेरे, निकाल, वर्गतपासणीच्या नोंदी यांच्या प्रती आत्ताच घरी आणून ठेवा. आणि शाळेत यापुढे जे बोलाल ते लेखी द्या, पोच घ्या.